टीबीचे उपचार लागू पडत आहेत का? एक्स-रे काय सांगतो, काय नाही

‘दोन महिने गोळ्या घेतल्या, खोकला थांबला, वजनही वाढले, मग एक्स-रेमध्ये डाग अजून का दिसतो?’ फुफ्फुसाच्या क्षयरोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. घाबरू नका. एक्स-रेमध्ये टीबीचे जंतू दिसत नाहीत. त्यांनी फुफ्फुसाला केलेली इजा दिसते. जंतू मेल्यानंतरही ती भरून यायला अनेक महिने लागतात.

मग सुधारणा कशी ओळखतात?
मुख्यतः थुंकी तपासून. औषधांना दाद देणाऱ्या टीबीचा उपचार साधारण 6 महिन्यांचा असतो. पहिले 2 महिने संपल्यावर आणि उपचाराच्या शेवटी थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. निदानासाठी केलेली सीबीनॅट तपासणी इथे उपयोगी नाही. ती मेलेल्या जंतूंचे अंशही पकडते.

एक्स-रे केव्हा उपयोगी?
लहान मुले, थुंकी न येणारे रुग्ण किंवा छातीत पाणी झालेले रुग्ण यांच्यात त्याची मोठी मदत होते. डॉक्टर जुना एक्स-रे शेजारी ठेवून तुलना करतात, म्हणून आधीचे सगळे एक्स-रे सोबत न्या. औषधे लागू पडत असतानाही काहींमध्ये डाग सुरुवातीला तात्पुरता वाढतो. मात्र हे डॉक्टरांनीच तपासून ठरवावे. सीटी स्कॅनमध्ये किरणोत्सर्ग बराच जास्त असतो, त्यामुळे तो दर वेळी करत नाहीत. खोकल्यातून रक्त पडणे किंवा दुसऱ्या आजाराची शंका असेल तर तो लागतो.

डाग कायम राहिला तर?
जखम भरल्यावर त्वचेवर व्रण राहतो, तसाच फुफ्फुसातही राहू शकतो. तो आयुष्यभर दिसला तरी टीबी अजून आहे असे नाही. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत यावरून प्रश्न निघू शकतो. उपचार पूर्ण झाल्याचा दाखला आणि शेवटचा एक्स-रे जपून ठेवा.

दोन चुका टाळा
- एक्स-रे साफ आला म्हणून गोळ्या मध्येच बंद करू नका. उरलेले जंतू पुन्हा वाढू शकतात.
- डाग राहिला म्हणून स्वतःहून गोळ्या पुढे चालू ठेवू नका.

उपचारानंतर 6, 12, 18 आणि 24 महिन्यांनी तपासणीला जा. खोकला, ताप किंवा वजन घटणे पुन्हा सुरू झाले, तर एक्स-रेवर न थांबता थुंकीही तपासून घ्या.