हौद्यातलं बिऱ्हाड

पिंपरी-चिंचवडच्या वाहन उद्योगाच्या इतिहासावर पंधरा मिनिटं बोला, असं मला सांगण्यात आलं, तेव्हा मी जरा घाबरलोच. इंजिनं बनवणारे, कारखाने चालवणारे, संप केलेले आणि मिटवलेले असे कितीतरी लोक या भागात आहेत. मी भोसरीत एका शेडमध्ये पस्तीस वर्षं वेल्डिंग केलं. गाड्या कारखान्यातून निघाल्या की त्यांच्या पाठीवर जे काही बांधायचं, ते आम्ही बांधत होतो. तेव्हा मी बोलणार आहे ते केबिनच्या मागच्या भागाबद्दल. त्याला आपण हौदा म्हणतो. त्याला मागून बंद करणारा फाळका. या हौद्यात माल जातो हे सगळ्यांना माहीत आहे. त्यात माणसं संसारही करतात, वर्षातले वीस दिवस का होईना, हा इतिहास मात्र कुठल्या कारखान्याच्या स्मरणिकेत मी वाचलेला नाही.

सुरुवात ‘टेम्पो’ या शब्दापासून करू. हा शब्द आपण इतका मराठी करून टाकला आहे, की ते मुळात जर्मनीतल्या एका कारखान्याचं नाव होतं हे सांगितलं तर पोरं हसतात. हाम्बुर्गच्या हारबुर्ग भागात विडाल नावाच्या घराण्याचा टेम्पो कारखाना होता. त्यांच्याशी करार करून नवलमल फिरोदियांनी १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी काढली. आधी मुंबईत गोरेगावला ‘हॅन्सीट’ ही तीनचाकी बनू लागली आणि १९६४ साली कारखाना आकुर्डीला आला. १९६९ मध्ये तिथून मटाडोर निघाली.

या मटाडोरची एक गंमत आहे. तिची जर्मन बहीण हारबुर्गलाच बनत होती. टेम्पोचा कारखाना हानोमागकडे गेला, पुढे मर्सिडिजकडे गेला, आणि तीच गाडी मर्सिडिजचा तारा लावून रस्त्यावर आली. जर्मनीत कितीतरी लोकांनी तिच्या आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवली आणि सुट्टीत समुद्रावर नेली. फोक्सवॅगनच्या गाडीसाठी तर वेस्टफालिया नावाच्या कंपनीनं १९५१ पासूनच आत बसवायचं सामान विकायला काढलं होतं. अमेरिकेत पिकअपच्या हौद्यात अलगद ठेवायची आणि काम झालं की उतरवून घ्यायची आख्खी खोली मिळते. आपल्याकडे त्याच मटाडोरची रुग्णवाहिका झाली, शाळेची गाडी झाली, भाजीची गाडी झाली. सुट्टीसाठी गाडीत राहायचं ही कल्पनाच आपल्या पचनी पडणारी नव्हती. गाडीत राहतो तो ड्रायव्हर आणि क्लीनर, तेही नाइलाजानं.

पण आपल्याकडे एक प्रवास असा आहे, की ज्यात घर बरोबर घेऊनच निघावं लागतं. आणि तो नेमका याच कारखान्यांच्या दारातून जातो. देहूहून निघालेल्या तुकोबांच्या पालखीचा पहिला मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. तिकडे आळंदी तर चाकणच्या शेजारची. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली, असं मानलं जातं. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानोबांच्या पालखीला आजचं शिस्तीचं रूप दिलं, तेव्हा घोडे आणि तंबू दिले ते अंकलीच्या शितोळे सरदारांनी. म्हणजे देवाच्या निवाऱ्याची सोय सरदारानं केली. वारकऱ्यांच्या निवाऱ्याचं काय? ज्याचं त्यानं पाहायचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.

आमची दिंडी खेड तालुक्यातली, लहानशी, ऐंशी-नव्वद माणसांची. देहूच्या सोहळ्यात चालते. माझ्या लहानपणी तिच्याबरोबर दोन बैलगाड्या असत. साटीवर तांदळाची पोती, पातेली, काथवट, त्यावर वळकट्या, आणि कमानीवर घोंगडी टाकून केलेलं छत. रात्री गाडीखाली चार म्हातारी माणसं झोपायची आणि ज्याला ताप आला असेल त्याला वर जागा. १९७२चा दुष्काळ पडला आणि त्यातली एक बैलजोडी विकावी लागली. दुसरी जोडी चाऱ्यावाचून इतकी खंगली, की पुढच्या वर्षी तिला पंढरपूरपर्यंत हाकलायचं पाप कोणी घेईना. तेव्हा चाकणच्या बाजारात कांदा वाहणारी एक मटाडोर भाड्यानं ठरली. आमच्या दिंडीत मोटार आली ती अशी. लोक म्हणतात सोयीसाठी आली. आमच्याकडे तरी बैल नव्हते म्हणून आली.

मटाडोर बुटकी. तिच्यात सामान बसलं, माणूस बसला नाही. खरं बिऱ्हाड थाटलं गेलं ते ४०७ मध्ये. टेल्को पुण्यात आली १९६६ साली, इथून पहिला ट्रक बाहेर पडला १९७७ साली, आणि १९८६ मध्ये ४०७ आली. त्या वेळी टोयोटा, माझदा, निसान आणि मित्सुबिशी अशा चार जपानी कंपन्यांच्या मदतीनं बनलेल्या छोट्या ट्रकांशी तिला झुंजायचं होतं आणि ती झुंजली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला तिचं अप्रूप वेगळ्या कारणानं. मोठे ट्रक तेव्हा पुष्कळदा नुसत्या चासीवर विकले जात. पुढे इंजिन, स्टिअरिंग, एक सीट. मागे दोन लांब लोखंडी पट्ट्या. नवीन चासी घेऊन निघालेला ड्रायव्हर डोक्याला उपरणं गुंडाळून उघड्यावर बसून शेकडो मैल जायचा. केबिनसुद्धा सुतारानं लाकडात बांधायची. ४०७ ला मात्र पत्र्याची केबिन कारखान्यातूनच. मागचा भाग पुन्हा आपल्या हातात.

आमच्या गावातल्या एकानं १९९१ साली कर्ज काढून ४०७ घेतली. अकरा महिने तिनं कांदा-बटाटा आणि कारखान्यांचे सुटे भाग वाहायचे आणि ज्येष्ठ-आषाढात दिंडीबरोबर यायचं, असं ठरलं. हौदा साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद. एवढ्यात नव्वद माणसांचं स्वयंपाकघर, कोठार, दवाखाना आणि पंधरा म्हाताऱ्यांची झोपायची जागा करायची. काम माझ्याकडे आलं, कारण वेल्डर मीच.

मी दोन मजले केले. हौद्याच्या तळापासून तीन फुटांवर अँगलची चौकट, तिच्यावर प्लायवूडच्या फळ्या. खाली जड सामान, म्हणजे पातेली, तंबूचे बांबू, तेलाचे डबे आणि मध्यभागी पाण्याची टाकी. जड ते खाली आणि मागच्या चाकांच्या किंचित पुढे, हे बैलगाडीवाल्यांनी मला शिकवलं. धुरा उलाळली की बैलाच्या मानेला फास बसतो, हे ते जाणत होते. वरच्या मजल्यावर सतरंज्या. पाइपच्या पाच कमानी, त्यावर ताडपत्री. मधली कमान चार इंच उंच ठेवायची, नाहीतर ताडपत्रीत पाण्याचं पोट साचतं आणि रात्री दोन वाजता कोणाच्या तरी अंगावर फुटतं. गॅसची टाकी कधीही आत नाही, फाळक्याला बाहेरून साखळीनं. चढायला मागे शिडी. तिच्या पायऱ्यांना जुन्या टायरचे तुकडे, कारण नऊवारीतल्या बाईचा ओला पाय लोखंडावरून घसरतो. आणि हे सगळं एका दुपारी काढता आलं पाहिजे, कारण पंढरपूरहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बाजारात उभी राहायची होती. कांद्याचा वास मात्र कशानंच जात नसे. पहिले दोन मुक्काम डोळे चुरचुरत.

ही चौकट मी पक्की वेल्ड केली. सगळे कोपरे, दुहेरी. मला तिचा अभिमान होता.

१९९४ साली वरवंडचा मुक्काम आटोपून आम्ही रोटी घाटाकडे निघालो होतो. वरच्या मजल्यावर सात-आठ जण होते. न चालवणारे लोक गाडीतून पुढे जायचे. सगळ्याच दिंड्यांत जायचे. एका खड्ड्यात मागचं चाक आपटलं आणि चौकटीचा उजवा कोपरा खाली बसला. एका टाळकऱ्याचा पाय खालच्या काथवटीत अडकून मोडला. माणूस सत्तरीचा होता. त्यांना गाडीनं बारामतीला नेलं. ते वाचले, पण नंतर वारीला चालत आले नाहीत.

त्या रात्री उंडवडीला कंदील घेऊन मी तो कोपरा पाहिला. माझा सांधा तुटला नव्हता. सांध्याच्या कडेचं लोखंड तुटलं होतं, अगदी सुरीनं कापल्यासारखं. वेल्डिंगच्या आचेनं तिथलं लोखंड कडक होतं, आणि ट्रकची चासी तर चालताना सतत पीळ खात असते. एक चाक वर, दुसरं खाली. तिच्यावर ताठ चौकट बसवली की तो सगळा पीळ त्या चार कोपऱ्यांवर येतो. जुने बॉडीवाले सुतार हौदा लाकडाचा करायचे, फळ्यांमध्ये फट ठेवायचे, ते काही लोखंड परवडत नव्हतं म्हणूनच नव्हे. लाकूड वाकतं, खिळा थोडा हलतो. बैलगाडी तर सगळी सुतळी-दोरानंच बांधलेली असायची. मी शाळेत शिकलेला माणूस, मला ती ढिलाई म्हणजे अडाणीपणा वाटला होता.

पुढच्या वर्षी मी चौकट तुकड्यांत केली. प्रत्येक सांध्यात बोल्ट आणि टायरचा रबर, फळ्या दोरानं बांधलेल्या. चालताना ती कुरकुरायची. आजोबांच्या गाडीसारखीच. आणि दिंडीनं ठरवलं की गाडी चालू असताना वर कोणी बसणार नाही. हा नियम आम्ही किती पाळला? पहिली पाच-सहा वर्षं पाळला. मग एखादीचा गुडघा सुजला, एखाद्याला चक्कर आली, की ‘पुढच्या ओढ्यापर्यंतच’ म्हणून चढवायचो. मालवाहू गाडीत माणसं नेऊ नयेत हा कायदा आम्हाला कळत नव्हता असं नाही. ऐंशी वर्षांच्या बाईला रस्त्यात बसवून कसं पुढे जायचं, हे कायद्याला कळत नाही, असं आम्ही म्हणायचो. दोन्ही बाजूंनी थोडं खरं होतं, आणि तो मोडलेला पाय तर होताच.

आता काळ बदलला. २००५ साली छोटा हत्ती आला आणि लहान दिंड्या त्यात सामान नेऊ लागल्या. घरगाडी कशी असावी याचं आता देशात रीतसर मानक आहे, आणि असली मानकं प्रसिद्ध करणारी एआरएआय ही संस्था इथेच, पुण्यातल्या वेताळ टेकडीवर, १९६६ पासून आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांत ड्रायव्हरला वातानुकूलित केबिन द्यावी लागेल, असा नियम २०२३ मध्ये निघाला. उपरण्यात बसलेल्या त्या चासीवाल्याची आठवण मला तेव्हा आली. या सगळ्यात आमचा दोन मजली हौदा मात्र कुठेच बसत नाही. तो घरगाडी नाही, कारण कागदावर मालगाडी आहे. नोंदणीत लिहिलेल्यापेक्षा वेगळी रचना परवानगीशिवाय करता येत नाही, आणि सुटी चौकट म्हणजे रचना की माल, यावर मी एकदा एका अधिकाऱ्याशी पाऊण तास वाद घातला. शेवटी त्यांनीच चहा मागवला.

गाववाल्यानं ती ४०७ मागेच विकली. त्याच्या मुलाकडे आता बंद डब्याची गाडी आहे, पत्र्याची, कुलूपबंद. कारखान्याच्या मालाला ती उत्तम. तिच्यात ना कमानी लागतात, ना ताडपत्री. पाऊस आत येत नाही आणि वाराही येत नाही. म्हणून दोन वर्षं झाली, सामान डब्यात आणि माणसं सगळी जमिनीवर तंबूत. चालून थकलेल्यांसाठी वेगळी जीप ठरवली आहे, परवान्याची, सीटबेल्टची. भिशी त्यामुळे वाढली, पण ते बरोबर आहे. मीच बैठकीत तसं बोललो.

गेल्या वारीत सराटीच्या मुक्कामी, नीरेच्या काठी, जोराचा पाऊस आला आणि तंबूत पाणी शिरलं. आमच्यातली सर्वांत वृद्ध बाई, जिला मी आत्या म्हणतो, वळकटी डोक्यावर घेऊन गाडीच्या मागे येऊन उभी राहिली. डब्याचं दार उघडून आत बघितलं. काळोख आणि पातेली.

“शिडी कुठं ठेवलीस रे?” तिनं विचारलं.

शिडी माझ्या शेडमध्ये होती, भोसरीला, भिंतीला टेकवलेली. टायरचे तुकडे अजून तिच्यावर आहेत.