मूत्राश्मरी आणि सूक्ष्मजंतू : एका कल्पनेचा इतिहास

मूत्राश्मरीची मीमांसा आपल्याकडे प्राचीन आहे. नव्या घटात स्वच्छ पाणी ठेवले तरी कालांतराने तळाशी गाळ बसतो, तसाच बस्तीत खडा होतो, असा दृष्टांत सुश्रुताने दिला आहे. तापीकाठच्या कडक उन्हाळ्याच्या प्रदेशात तो बव्हंशी लागू पडतो. घामावाटे पाणी गेले की मूत्र दाट होते आणि कॅल्शियम ऑक्झलेटाचे स्फटिक जमू लागतात. परंतु खड्यांची एक जाती अशी आहे की, तिचा गाळ मूत्रात आयता नसतो. तो तयार केला जातो.

हे रसायन शेतकऱ्याच्या ओळखीचे आहे. शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगर हे सहकारी साखर कारखान्यामुळे नावारूपास आलेले ठिकाण. उसाच्या ओल्या जमिनीवर यूरिया उघडा राहिला, तर त्याचा काही अंश अमोनिया होऊन हवेत उडून जातो. मातीतील सूक्ष्मजंतूंचे यूरिएज हे एन्झाइम ही क्रिया घडविते. प्रोटियससारखे जंतू मूत्रमार्गात शिरले म्हणजे तेथेही हेच घडते. यूरिया फुटतो, मूत्र अल्कधर्मी बनते आणि मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट यांचे स्फटिक साकळतात. या स्फटिकास स्ट्रुव्हाइट म्हणतात. उलेक्स याने १८४५ मध्ये या खनिजाचे वर्णन केले, तेही हँबुर्ग येथील खताने मुरलेल्या जमिनीतून!

बाल्टिमोर येथील ब्राउन याने १९०१ मध्ये जंतूची जाती व खड्याची घटना यांचा संबंध मांडला. मात्र एन्झाइम म्हणजे नेमका कोणता पदार्थ, हेच तेव्हा अनिश्चित होते. १९२६ मध्ये सम्नर याने अबईच्या वर्गातील एका शेंगेच्या बियांतून यूरिएज स्फटिकरूपात मिळविले. तरीही निर्णायक पुरावा १९७६ पर्यंत लांबला. ग्रिफिथ व त्याच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम मूत्रात प्रोटियस वाढविला, तेव्हा स्फटिक बनले. यूरिया वगळला अथवा यूरिएजला रोधक द्रव्य घातले, तेव्हा ते बनले नाहीत. जंतूंची नुसती उपस्थिती पुरेशी नसून त्यांचे एन्झाइम हेच कारण होय, हे त्यामुळे ठरले.

मधल्या काळात या कल्पनेचा अतिरेकही झाला. १९२० नंतरच्या दशकात रोझेनो व माइसर यांनी कुत्र्यांच्या दातांत स्ट्रेप्टोकॉकस जंतू घालून खडे उत्पन्न केल्याचे सांगितले. इकडे कुन्नूर येथे मॅकॅरिसन उंदरांना सदोष आहार देऊन त्याच व्याधीचा शोध घेत होता, आणि भारतातील मुलांच्या मूत्राशयातील खड्यांपुरती त्याची दिशा अधिक सयुक्तिक होती. १९९८ मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी वृक्काश्मरीचे मूळ म्हणून ‘नॅनोबॅक्टेरिया’ पुढे आणले. ते जीव नसून खनिज व प्रथिनांचे कण आहेत, असे २००८ पर्यंत स्पष्ट झाले. जंतूंवर सर्वच खड्यांचा भार टाकण्याची ही हौस नव्या नावाने पुनःपुन्हा उद्भवते, हे लक्षणीय आहे.

रुग्णाच्या दृष्टीने हा भेद केवळ शास्त्रीय नाही. ऑक्झलेटाच्या खड्यास भरपूर पाणी पिण्याचा उपाय बराच उपयोगी पडतो. स्ट्रुव्हाइटचा खडा मात्र काही आठवड्यांतही वाढून हरणाच्या शिंगाप्रमाणे सारे वृक्क व्यापू शकतो. त्याच्या आतच जंतू दडलेले असल्यामुळे प्रतिजैविके तेथवर पुरेशी पोहोचत नाहीत, आणि शस्त्रक्रियेत मागे राहिलेल्या लहानशा तुकड्याभोवती तो पुन्हा आकार घेतो.