सालाझार, आंतोनियु द ओलिव्हेइरा

(२८ एप्रिल १८८९–२७ जुलै १९७०). पोर्तुगालचा हुकूमशहा, अर्थशास्त्राचा प्राध्यापक आणि ‘एस्तादो नोव्हो’ म्हणजे ‘नवे राज्य’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजवटीचा संस्थापक. तो १९३२ पासून १९६८ पर्यंत सलग छत्तीस वर्षे पंतप्रधानपदावर होता आणि गोवा, दमण व दीव येथील पोर्तुगीज सत्तेच्या अखेरच्या कालखंडावर त्याच्याच धोरणांची छाप होती. लष्करी पद, स्वतःची सशस्त्र संघटना किंवा जनआंदोलन यांपैकी काहीही हाताशी नसताना केवळ राज्याच्या तिजोरीवरील नियंत्रणाच्या बळावर त्याने सर्वाधिकार मिळवले, हे त्याच्या उदयाचे वैशिष्ट्य होय.

सालाझारचा जन्म मध्य पोर्तुगालमधील सांता कोंबा दांव या गावाजवळच्या व्हिमियेइरू येथे सामान्य शेतकरी कुटुंबात झाला. त्याचे वडील जमीनदाराच्या शेतीची व्यवस्था पाहत. पाच भावंडांत तो एकटाच मुलगा होता. व्हिझेउ येथील सेमिनरीत, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, त्याने आठ वर्षे शिक्षण घेतले. मात्र धर्मगुरूची दीक्षा न घेता १९१० मध्ये तो कोईंब्रा विद्यापीठात कायद्याच्या अभ्यासासाठी दाखल झाला आणि पुढे तेथेच अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. विद्यार्थिदशेत कॅथलिक संघटनेत काम करताना त्याची मान्युएल सेरेजेइरा याच्याशी मैत्री जमली. हाच सेरेजेइरा १९२९ मध्ये लिस्बनचा मुख्य धर्माधिकारी झाला आणि चर्च व नवी राजवट यांच्यातील जवळिकीचा प्रमुख दुवा ठरला.

सालाझारच्या उदयाची भूमी पहिल्या प्रजासत्ताकाच्या अस्थिरतेने तयार केली. ऑक्टोबर १९१० मध्ये राजेशाही संपुष्टात आल्यानंतरच्या सोळा वर्षांत चाळीसहून अधिक मंत्रिमंडळे आली आणि गेली. चर्चविरोधी कायद्यांमुळे ग्रामीण कॅथलिक समाज दुखावला गेला, तर पहिल्या महायुद्धातील सहभागामुळे कर्ज व चलनवाढ यांचा भार वाढला. २८ मे १९२६ रोजी ब्रागा येथून जनरल गोमिश द कोश्ता याच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या लष्करी उठावाने हे प्रजासत्ताक मोडून काढले. नव्या सरकारने सालाझारला अर्थमंत्री म्हणून बोलावले. परंतु हवे तसे अधिकार मिळत नाहीत असे दिसताच थोड्याच दिवसांत राजीनामा देऊन तो कोईंब्राला परतला.

पुढील दोन वर्षांत लष्करी सरकारला तूट आवरता आली नाही. राष्ट्रसंघाच्या आधाराने कर्ज उभारण्याचा प्रयत्नही, त्यासोबत येणारी परकीय आर्थिक देखरेख अपमानास्पद वाटल्याने, सोडून द्यावा लागला. राष्ट्राध्यक्ष ऑस्कर कार्मोना याच्या राजवटीने सालाझारला पुन्हा पाचारण केले, तेव्हा त्याने आधी अटी मान्य करून घेतल्या आणि २७ एप्रिल १९२८ रोजी पदभार स्वीकारला. प्रत्येक खात्याने आपला खर्च अर्थखात्याने ठरवलेल्या मर्यादेत ठेवावा, जमाखर्चावर परिणाम करणारा कोणताही निर्णय अर्थखात्याला विचारूनच घ्यावा आणि वाढीव खर्च नाकारण्याचा अधिकार अर्थमंत्र्याला असावा, असा या अटींचा आशय होता. त्यामुळे नाममात्र एका खात्याचा मंत्री असलेला सालाझार प्रत्यक्षात सर्व खात्यांचा नियंत्रक बनला. कर वाढवून आणि खर्चाला कात्री लावून त्याने पहिल्याच वर्षी शिलकी अंदाजपत्रक साधले आणि ‘राष्ट्राचा तारणहार’ अशी प्रतिमा मिळवली.

ही प्रतिष्ठा त्याने लगोलग राजकीय सत्तेत रूपांतरित केली. १९३० मध्ये ‘राष्ट्रीय संघ’ ही एकमेव अधिकृत राजकीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी वसाहतखात्याचा तात्पुरता कार्यभार सांभाळताना त्याने वसाहत कायदा आणून गोव्यासह सर्व वसाहतींचा कारभार लिस्बनच्या मुठीत आवळला. ५ जुलै १९३२ रोजी तो पंतप्रधान झाला. १९ मार्च १९३३ च्या सार्वमताने नवी राज्यघटना मंजूर झाली. या सार्वमतात मतदानाला न आलेल्यांची मतेही होकारार्थी धरण्यात आली होती. घटनेत राष्ट्राध्यक्ष, कायदेमंडळ आणि नागरी हक्क यांचा उल्लेख असला, तरी हक्कांवर कायद्याने मर्यादा घालण्याची मुभा सरकारने राखून ठेवल्यामुळे ते कागदावरच राहिले.

या राज्याला ‘कॉर्पोरेट राज्यव्यवस्था’ असे म्हटले जाई. मालक आणि कामगार यांनी परस्परविरोधी वर्ग म्हणून न लढता व्यवसायवार मंडळांतून सरकारच्या देखरेखीखाली एकत्र यावे, ही तिची मूळ कल्पना होती. व्यवहारात मात्र १९३३ च्या कामगारविषयक कायद्याने संपावर बंदी आली आणि स्वतंत्र कामगार संघटना मोडीत निघाल्या. वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण, गुप्त पोलीस आणि तुरुंग हे राजवटीचे तीन आधार होते. १९३३ मध्ये उभारलेले गुप्त पोलीस दल १९४५ पासून ‘पीडे’ या नावाने कुप्रसिद्ध झाले, तर केप व्हर्द बेटांवरील तार्राफाल येथे १९३६ मध्ये राजकीय कैद्यांसाठी छळछावणी उघडण्यात आली. इटलीच्या फॅसिझमपासून सालाझारने बरेच काही उचलले. तथापि जनसमुदायाला सतत चेतवत ठेवणारे राजकारण त्याला धोक्याचे वाटे, म्हणून पोर्तुगालमधील उघड फॅसिस्ट वळणाची राष्ट्रीय सिंडिकॅलिस्ट संघटनाही त्याने १९३४ मध्ये बंद पाडली.

स्पेनमधील यादवी युद्धात त्याने फ्रँकोला साहाय्य केले. दुसऱ्या महायुद्धात तटस्थ राहून त्याने दोन्ही बाजूंना टंगस्टनचे खनिज विकले आणि १९४३ मध्ये ब्रिटनला अझोर्स बेटांवरील तळ वापरू दिले. त्यामुळे युद्धोत्तर काळात हुकूमशाही असूनही पोर्तुगाल १९४९ मध्ये नाटोचा संस्थापक सदस्य होऊ शकला. १९५८ च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत आपण निवडून आल्यास सालाझारला पदच्युत करू, असे जाहीरपणे सांगणाऱ्या जनरल उंबेर्तु देल्गादु याला प्रचंड प्रतिसाद मिळाला. त्याला पराभूत घोषित केल्यानंतर राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच रद्द करण्यात आली आणि १९६५ मध्ये ‘पीडे’च्या हस्तकांनी देल्गादुची स्पेनच्या हद्दीत हत्या केली.

गोव्यात या राजवटीची झळ सर्वांना बसली. सभा, भाषण आणि मुद्रण यांवरील निर्बंधांना आव्हान देत राम मनोहर लोहिया यांनी १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे सभा घेतली. त्यानंतरच्या दडपशाहीत त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात ठेवले. १९५१ मध्ये घटनेत बदल करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हटले गेले आणि गोवा हा पोर्तुगालचाच भाग असल्याने वाटाघाटींचा प्रश्नच उद्भवत नाही, अशी भूमिका सालाझारने घेतली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी महाराष्ट्रासह भारताच्या विविध भागांतून आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर सीमेवर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक जण मारले गेले. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले, तेव्हा शरणागती न पत्करता मरेपर्यंत लढण्याचा आदेश त्याने लिस्बनहून दिला. गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा याने हा निरर्थक संहार टाळून १९ डिसेंबर रोजी शरणागती स्वीकारली, म्हणून पुढे त्याला सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. सशस्त्र लढ्यातील मोहन रानडे मात्र १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते.

१९६१ मध्ये अंगोलात, १९६३ मध्ये गिनीत आणि १९६४ मध्ये मोझांबिकमध्ये स्वातंत्र्ययुद्धे पेटली. अंदाजपत्रकाचा मोठा वाटा युद्धावर खर्च होऊ लागला आणि दारिद्र्य व सक्तीची लष्करी सेवा यांना कंटाळून लाखो पोर्तुगीज फ्रान्स व इतर देशांत गेले. ऑगस्ट १९६८ मध्ये खुर्चीवरून पडून सालाझारच्या डोक्याला इजा झाली. पुढील महिन्यात तो कार्यक्षम राहिला नाही, तेव्हा मार्सेलु कायतानु याची पंतप्रधानपदी नेमणूक झाली. सालाझार लिस्बन येथे मरण पावला. २५ एप्रिल १९७४ रोजी आफ्रिकेतील युद्धांना विटलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी त्याची राजवट उलथून टाकली आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पोर्तुगालने करार करून गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

जमाखर्चाची शिस्त, भरलेली सुवर्णगंगाजळी आणि वैयक्तिक साधेपणा यांचा दाखला देऊन सालाझारचे समर्थन आजही केले जाते. परंतु तुटीची भीती दाखवून मिळवलेल्या अधिकाराला त्याने कोणतीही मुदत किंवा उत्तरदायित्व ठेवले नाही आणि चूक दाखवणारे सर्व आवाज बंद केले. त्यामुळे वसाहतींबाबतची त्याची सर्वांत घातक चूक त्याच्या हयातीत सुधारली जाऊ शकली नाही आणि तिची किंमत आफ्रिकेतील, गोव्यातील तसेच खुद्द पोर्तुगालमधील जनतेला मोजावी लागली.