गावात पाणी किती आणि कसं? ऑक्टोबरातच मोजा, मे महिन्यात धावपळ नको

पाऊस संपला की विहिरी भरलेल्या दिसतात आणि रब्बीचं नियोजन अंदाजावर होतं. मार्चमध्ये तळ दिसायला लागला की मग टँकरची मागणी. कमी पावसाच्या तालुक्यात दोन गोष्टी वेळेवर मोजायला हव्यात: पाणी किती आहे आणि ते पिण्यासारखं आहे का. दोन्हीसाठी फार मोठा खर्च लागत नाही.

पावसाचा हिशोब

१ हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. समजा गावाचं क्षेत्र १,००० हेक्टर आणि पाऊस ५०० मिमी झाला, तर गावात ५०० कोटी लिटर पाणी पडलं. पण त्यातलं बरंचसं वाहून जातं, उडून जातं किंवा मातीची ओल म्हणून पिकं घेतात. आपल्या काळ्या खडकात विहिरी-बोअरपर्यंत साधारण १० टक्केच मुरतं असं धरा. म्हणजे हाती राहिले ५० कोटी लिटर.

आता खर्च बघा. जल जीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर धरलं, तर १,५०० लोकांना वर्षाला सुमारे ३ कोटी लिटर लागतात. जनावरांचं वेगळं धरावं. १ हेक्टर उसाला, पावसाचा वाटा वजा जाता, साधारण दीड कोटी लिटर पाणी द्यावं लागतं. म्हणजे अख्ख्या गावाचं वर्षभराचं पिण्याचं पाणी २ हेक्टर उसात जातं. ३० हेक्टर ऊस असेल तर ४५ कोटी लिटर तिथेच संपले. हरभऱ्याला हेक्टरी ३० लाख लिटरच्या आसपास पुरतं.

हिवरे बाजार (जि. अहिल्यानगर) इथे असाच ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून पिकं ठरतात.

विहिरीत किती पाणी?

गोल विहिरीसाठी सोपं सूत्र: व्यास × व्यास × पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये) × ७८५ = लिटर. ६ मीटर व्यास आणि ३ मीटर पाणी असेल तर सुमारे ८५ हजार लिटर.

पण साठ्यापेक्षा आवक महत्त्वाची. मोटर लावून पाणी उपसा, मोटर बंद करा आणि तासाभरात पाणी किती चढलं ते दोरीला खूण करून मोजा. याच विहिरीत तासाला १० सेंमी पाणी चढलं, तर आवक झाली तासाला सुमारे २,८०० लिटर, म्हणजे दिवसाला फार तर ६८ हजार. १,५०० लोकांची रोजची गरज ८२,५०० लिटर. विहीर भरलेली दिसली तरी एकट्या तिच्यावर गाव निभणार नाही, हे आधीच कळतं.

पाणी कसं आहे?

पातळी खाली गेली की पाण्यातले क्षार बहुतेक वेळा वाढतात. खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराईड असू शकतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांना हा त्रास आहे. चवीवरून ते ओळखू येत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातल्या मर्यादा (प्रति लिटर):

- विरघळलेले क्षार (टीडीएस): ५०० मिग्रॅपर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर २,००० पर्यंत
- फ्लोराईड: १ मिग्रॅ, दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत
- नायट्रेट: ४५ मिग्रॅ, यात सवलत नाही. जास्त असेल तर तान्ह्या बाळांना धोका
- ई-कोलाय जंतू: १०० मिली पाण्यात एकही नको

बाजारातलं पेनासारखं टीडीएस मीटर फक्त एकूण क्षार दाखवतं. जंतू किंवा फ्लोराईड त्यात कळत नाहीत. पाणी उकळल्यानं जंतू मरतात, पण फ्लोराईड आणि नायट्रेट जात नाहीत. उलट पाणी आटून त्यांचं प्रमाण वाढतं.

तपासणी कुठे करायची?

गावातल्या प्रशिक्षित महिला फिल्ड टेस्ट किटवर प्राथमिक तपासणी करतात. शंका आली तर जलसुरक्षक किंवा ग्रामसेवकामार्फत नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवा. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा, जंतूंची पावसाळ्याआधी आणि नंतर अशी दोनदा व्हायला हवी. नमुना घेताना हातपंप किंवा मोटर पाच मिनिटं चालू द्या. जंतूंसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली वापरा आणि २४ तासांच्या आत, थंड ठेवून पोहोचवा.

ग्रामसभेत काय मागाल?

ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे असं वर्षातून चारदा त्याच विहिरींची पातळी मोजून ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा. शेजारी पाण्याच्या तपासणीचा अहवालही लावा. पेरणीआधी आकडे सगळ्यांसमोर असतील, तर पिण्याचं पाणी आधी बाजूला काढून मग पिकं ठरवता येतात. पेरणी झाल्यावर हा विषय काढला तर गावात भांडणंच होतात.