आदम, ओवी आणि काळा खडक

धाडसारख्या बुलडाणा जिल्ह्यातील गावी दहावीच्या वर्गात आनुवंशिकता व उत्क्रांतीचा पाठ चालू असताना एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, ख्रिस्ती धर्मात तर देवाने मातीतून आदम घडवला. मग खरे कोणाचे?" प्रश्न रास्त आहे, पण ख्रिस्ती धर्मात याविषयी सदैव एकच मत होते, असे त्यात गृहीत धरलेले आहे. इतिहास तसे सांगत नाही.

आदमची कथा मराठीत येऊन चारशे वर्षे झाली. मूळचे इंग्लंडचे जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले. तेथील नवख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी आपल्या पुराणांच्या धर्तीवर सुमारे 11 हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. 1616 साली ते राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सृष्टीची उत्पत्ती आणि आदमची कथा त्याच्या पहिल्या भागात येते.

ही कथा कशी वाचावी, याचा वाद मात्र फार जुना आहे. पाचव्या शतकाच्या प्रारंभी संत ऑगस्टिन यांनी उत्पत्तीचे सहा दिवस म्हणजे आपले नेहमीचे दिवस नव्हेत, असे मांडले. निसर्गाविषयी जे अनुभवाने व तर्काने पक्के ठरले आहे, त्याविरुद्ध धर्मग्रंथाच्या नावाने बोलून ख्रिस्ती माणसाने आपले हसे करून घेऊ नये, असेही त्यांनी बजावले. तरीही मानवजात सहा हजार वर्षांहून जुनी नाही, अशीच त्यांची समजूत होती.

1650 साली आयर्लंडचे आर्चबिशप अशर यांनी बायबलमधील वंशावळी व राजांच्या कारकिर्दी जुळवून सृष्टीचा आरंभ इ. स. पूर्व 4004 मध्ये ठरविला. पुढे पाचच वर्षांनी फ्रान्सच्या ला पेरेर यांनी आदमपूर्वीही माणसे होती, असे प्रतिपादन केले. त्यांना अटक झाली आणि ते मत मागे घ्यावे लागले.

1859 साली डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ आला. अमेरिकेतील धर्मशास्त्री चार्ल्स हॉज यांनी डार्विनवादाला निरीश्वरवाद म्हटले; त्याच देशातील श्रद्धाळू वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना मात्र उत्क्रांती व ईश्वर यांत विरोध दिसला नाही. 1950 साली पोप पायस बारावे यांनी मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर चर्चा करण्यास मोकळीक दिली. आत्मा मात्र ईश्वरनिर्मितच मानला. 1996 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही केवळ कल्पना राहिलेली नाही, असे मान्य केले. आजही काही पंथ बायबलचा शब्दशः अर्थच धरतात, हेही खरे.

आता विद्यार्थ्यांना शाळेबाहेर न्यावे. तेथील काळा बसाल्ट सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनला. याच जिल्ह्यातील लोणारचे विवर या खडकावर उल्का आदळून सुमारे 5 लाख 70 हजार वर्षांपूर्वी तयार झाले. ही वये खडकातील किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या ऱ्हासावरून काढलेली आहेत. अशर यांनीही हिशेब चोखच केला होता. फरक होता तो पुराव्याचा. त्यांनी वंशावळी मोजल्या, भूशास्त्राने खडक मोजला.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला कोणाची श्रद्धा सोडायला सांगू नये. माणूस केव्हा व कसा घडला, हे पुराव्यावरून ठरते, एवढे त्याला उमगले तरी पाठ साधला.