बारा व्होल्टांचा इतिहास

वऱ्हाडातल्या खेड्यांच्या कानावर विजेने वाढवलेला आवाज पडला तो बराचसा चाकांवरून. निवडणुकीची प्रचार-जीप, सिनेमाची जाहिरात करत हिंडणारी गाडी, मग काळी-पिवळीतला टेप, ट्रॅक्टरवरचा डेक आणि आता वरातीपुढचा डीजे: रिसोड तालुक्यातल्या रिठदसारख्या गावात हा क्रम सहज लावता येतो. तो सांगताना वॅट कसे वाढत गेले तेवढंच सांगण्याची पद्धत आहे. मला ती अपुरी वाटते. या इतिहासाची सूत्रं पहिल्यापासून बॉनेटखालच्या बॅटरीच्या हाती राहिली. गाडीतला ॲम्प्लिफायर काय करू शकतो आणि कशासाठी धडपडतो, हे तिच्या व्होल्टांनी ठरवलं. म्हणूनच तो विकत घेतानाही सुरुवात तिथूनच करायला हवी.

अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी १९३० साली ‘मोटोरोला’ हा मोटारीतला रेडिओ विकायला काढला, तेव्हा मोटारींची बॅटरी सहसा सहा व्होल्टांची असे आणि रेडिओतल्या व्हॉल्व्हना दोनशेच्या आसपास व्होल्ट लागत. ही दरी भरायला पुढे ‘व्हायब्रेटर’ आला. सेकंदाला शंभरेक वेळा थरथरणारी ती पट्टी बॅटरीचा सरळ प्रवाह तोडून जोडी आणि मग ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब वाढवी. तिची टोकं जळत, तिची गुणगुण आवाजात उतरे. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला, १९५५ मध्ये क्रायस्लर आणि फिल्को यांनी निव्वळ ट्रान्झिस्टरचा कार-रेडिओ जाहीर केला आणि व्हायब्रेटरची गरज सरली. पण त्याच्याबरोबर वाढीव दाबही गेला. पुढे रुळलेल्या बारा व्होल्टांच्या बॅटरीलाही चालू इंजिनावर जेमतेम १४.४ व्होल्ट मिळतात. तेवढ्यावर चार ओहमच्या स्पीकरला साध्या जोडणीतून साडेसहा वॅटच्या आसपास स्वच्छ ताकद मिळते. स्पीकरच्या दोन्ही टोकांना दोन ॲम्प्लिफायर उलट दिशांनी ढकलतात, त्या ‘ब्रिज’ जोडणीत ती चौपट, म्हणजे सुमारे २६ वॅट होते. आपल्याकडच्या दुरुस्तीच्या दुकानांत वर्षानुवर्षं चाललेली सान्योची ‘४४४०’ ही आयसी याच हिशेबात बसते: सुट्या दोन चॅनलना सहा-सहा वॅट, ब्रिजमध्ये १९. डेकवर छापलेलं ‘५० वॅट गुणिले चार’ हे मात्र आवाज पार फाटू दिल्यावरचं गणित आहे.

यावर कुणी विचारेल, मग तीस-चाळीस वॅटच्या मशीनवर प्रचाराचा आवाज शिवारापार कसा जाई? ते श्रेय भोंग्याचं. एका वॅटवर एक मीटर अंतरावर कारचा स्पीकर साधारण ९० डेसिबल देतो, तर भोंगा १०५ ते ११०. वीस डेसिबलचा फरक म्हणजे शंभरपट वॅट वाचले. भोंग्यातून बोलणं स्पष्ट जातं, पण खालचे सूर त्याच्या नरसाळ्यात मरतात. घोषणेला त्याची अडचण नव्हती. ऐकणाऱ्याला ढोलाचा ठोका छातीत हवा झाला तेव्हा भोंगा पुरेना. खालच्या सुरांसाठी पुष्कळ हवा हलवावी लागते, त्यासाठी मोठा स्पीकर आणि भरपूर ताकद लागते. इथे वेगळा ॲम्प्लिफायर आला, आणि त्याच्या पोटात काय आहे? बाराचे, समजा, उणे-अधिक तीस व्होल्ट करणारा पुरवठा. मॉस्फेट नावाचे ट्रान्झिस्टर प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतात, छोटा ट्रान्सफॉर्मर दाब वाढवतो आणि चार ओहमवर शंभराहून अधिक खरे वॅट उभे राहतात. हा जुना व्हायब्रेटरच आहे, फक्त जळणारी टोकं नसलेला. वॅटवाढीचं मूळ ऐकणाऱ्याच्या बदललेल्या मागणीत आहे आणि तिला दिलेलं उत्तर मूळच्याच अडचणीवर आहे.

हे ध्यानात ठेवलं तर खोक्यावरचा ‘३००० वॅट’ हा आकडा तपासता येतो. फ्यूज पाहावा. तीस-तीस अँपिअरचे दोन असतील तर साठ गुणिले चौदा, म्हणजे बॅटरीकडून ८४० वॅट. डी वर्गाचं यंत्र त्यातले ऐंशी टक्के बाहेर देईल, जुन्या एबी वर्गाचं निम्म्याच्या थोडं वर, उरलेली उष्णता. तीन हजार येणार कुठून? राखीव ताकद असलेली बरी, हा गिऱ्हाइकाचा मुद्दा मी मान्य करतो. कमी ताकदीचं यंत्र ताणलं की आवाज फाटतो आणि ट्वीटर जळतात. पण ती राखीव ताकद खरी, म्हणजे सतत देता येणारी, आरएमएसमधली हवी. शिवाय वॅट दुप्पट केले तरी वाढ तीनच डेसिबलची. तेवढीच वाढ तीन डेसिबल जास्त देणारा स्पीकर अल्टरनेटरवर भार न टाकता देतो. प्रवासी गाडीला चार चॅनलचा, प्रत्येकी चाळीस-पन्नास आरएमएस वॅटचा ॲम्प्लिफायर भरपूर झाला. ज्याला बेस हवाच, त्याने डी वर्गाचा मोनो घ्यावा, स्पीकरचे ओहम जुळवावेत आणि बॅटरीपासूनची वायर जाड ओढून बॅटरीजवळच फ्यूज बसवावा. वरातीला एवढ्याने काय होणार, असं म्हणणाऱ्यांना कायद्याची चौकटही सांगायला हवी: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धकाला मनाई. एका भोंग्याचा एक वॅटसुद्धा एका मीटरवर ही मर्यादा कितीतरी ओलांडतो.