आतड्याचा तट आणि दोन जातींची माकडे

उत्तर हिंदुस्थानात देवळांच्या आवारात व रेल्वेच्या फलाटांवर वावरणारे लाल तोंडाचे माकड सर्वांच्या परिचयाचे आहे. पोलिओची लस तयार करण्यासाठी १९५० नंतरच्या दशकात ही माकडे हजारोंनी अमेरिकेस पाठविली गेली. १९७८ साली भारत सरकारने ही निर्यात बंद केली. परंतु तेथे राहिलेल्या माकडांच्या वंशजांनी पुढे एका निराळ्याच रोगाच्या इतिहासात स्थान मिळविले.

एड्सची पहिली नोंद अमेरिकेत १९८१ साली झाली व १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याचा विषाणू हाती आला. शरीराच्या संरक्षणाची सूत्रे हलविणाऱ्या सहायक पेशी रोग्याच्या रक्तात वर्षानुवर्षे हळूहळू घटत जातात, म्हणून साऱ्यांचे लक्ष रक्तावर खिळले. रक्त काढावयास सोपे आणि तपासावयासही सोपे. चौकशी तेथेच घुटमळली यात नवल नाही. वस्तुतः खूण दुसरीकडे होती. युगांडात रोगी जुलाबांनी खंगून जात, म्हणून तेथील लोक या रोगाला ‘स्लिम’, म्हणजे ‘कृश’, म्हणत. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनीही १९८४ सालीच रोग्यांच्या आतड्याचे अस्तर बिघडलेले असल्याचे दाखविले होते. तिकडे फारसे कोणी पाहिले नाही.

१९८५ साली मॅसॅच्युसेट्समधील एका संशोधनकेंद्रात लाल तोंडाच्या माकडांत याच विषाणूचा भाऊबंद सापडला. तो मूळचा त्यांचा नव्हे. पश्चिम आफ्रिकेतील धुरकट मँगबे या माकडांकडून तो बंदिवासातच त्यांच्यात आला. आता संसर्गाचा नेमका दिवस ठरवून पुढे काय होते ते पाहणे शक्य झाले. त्याची किंमत त्या मुक्या प्राण्यांनी प्राण देऊन चुकती केली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

१९९८ साली रोनाल्ड व्हीझी, अँड्र्यू लॅक्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे दाखविले त्याने जुन्या समजुतीस धक्का बसला. संसर्गानंतर थोड्याच दिवसांत, रक्तात काहीही बदल दिसण्यापूर्वीच, माकडांच्या आतड्यातील सहायक पेशींचा जवळजवळ नायनाट झाला होता. रक्तात वर्षानुवर्षे चालणारी घट म्हणजे युद्ध नव्हते. पहिली मोठी लढाई आधीच हरली गेली होती.

आतड्याचे अस्तर अवघ्या एका पेशीच्या जाडीचे असते. त्याच्या एका बाजूस असंख्य जंतू, दुसऱ्या बाजूस रक्त. या नाजूक तटामागे शरीरातील सहायक पेशींचा मोठा भाग तैनात असतो. त्यांतील एक वर्ग, टीएच-सतरा नावाचा, अस्तराची डागडुजी व जंतूंचा बंदोबस्त ही दोन्ही कामे पाहतो. तोच प्रथम नाहीसा होतो. २००६ साली जेसन ब्रेंचली व डॅनियल डुएक यांच्या गटाला रोगी माणसांच्या व माकडांच्या रक्तात जंतूंच्या आवरणातील विषारी द्रव्य वाढलेले आढळले. तटाला खिंडार पडले होते. त्या द्रव्यामुळे संरक्षक पेशी सतत चेतविल्या जातात, आणि चेतलेली पेशी हे तर विषाणूचे आवडते भक्ष्य. २००८ साली रोगी माकडांच्या आतड्यात साल्मोनेला जंतू सोडून पाहिले, तेव्हा ते जवळच्या लसीकाग्रंथींत अधिक संख्येने जाऊन पोहोचले.

मग मँगबेचे काय? त्याच्या रक्तात विषाणू विपुल असतो, तरी त्याला सहसा एड्स होत नाही. २००७ साली दिसून आले की त्याच्याही आतड्यातील सहायक पेशी आरंभी घटतात. पण टीएच-सतरा पेशी टिकतात, अस्तर शाबूत राहते आणि चेतलेल्या पेशी लवकरच शांत होतात. आफ्रिकेच्याच हिरव्या माकडाचेही तसेच. त्याला जंतूंचे ते विषारी द्रव्य मुद्दाम टोचले, तेव्हा मात्र त्याच्याही शरीरात विषाणू उसळला.

विषाणूस दाबणारी औषधे आज उपलब्ध आहेत, परंतु आतड्याची झीज ती सावकाश व अपुरीच भरून काढतात. म्हणून २०१३ साली आखूड शेपटीच्या एका माकडजातीवर निराळा प्रयोग झाला. औषधांच्या जोडीला उपकारक जंतू व त्यांचे खाद्य दिले, तेव्हा आतड्यातील सहायक पेशी केवळ औषध घेणाऱ्या माकडांपेक्षा अधिक सुधारल्या.